जुन्या स्पीकरचा मूळ कोन वाचवणारी पुण्यातील कार्यशाळा

पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात मोडीत निघालेल्या रेडिओग्राममधले आणि फुटक्या पेट्यांमधून सुटे झालेले स्पीकर आजही मिळतात, परंतु ते नीट वाजते करून देणारा कारागीर सहज भेटत नाही. बहुतेक ठिकाणी फाटलेला कोन (हलून आवाज काढणारा कागदी पडदा) आणि जळालेली कॉइल (त्याला हलवणारे तारेचे वेटोळे) काढून टाकतात व दुकानात असेल तो तयार संच त्या जागी बसवतात. मग स्पीकर वाजू लागतो खरा, पण त्याच्या जुन्या भागांपैकी केवळ सांगाडा आणि चुंबक उरतो. शहराच्या जुन्या पेठांपैकी एकीत एकट्याने काम करणाऱ्या ज्या गृहस्थांच्या कार्यशाळेबद्दल मी लिहीत आहे, तिथे याच्या नेमके उलट चालते. कामाचा पसारा आवरणार नाही म्हणून आपले नाव छापू नये, अशी त्यांची विनंती आहे आणि ती मी पाळतो.

मी त्यांच्याकडे आठ इंची, अल्निको चुंबकाच्या, कागदी कोनाच्या स्पीकरची जोडी दिली होती. अल्निको हा चुंबकासाठीचा मिश्रधातू असून कोबाल्ट हा त्याचा महत्त्वाचा घटक आहे, आणि झैरेच्या (आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) शाबा प्रांतातील १९७८ च्या संघर्षानंतर कोबाल्ट एवढे महागले की कारखान्यांनी मोठ्या प्रमाणावर फेराइट या स्वस्त चुंबकाची वाट धरली. त्यामुळे त्याआधीचे असे स्पीकर भंगारात दिसले की हात आपोआप थांबतो. मात्र अल्निकोची एक नाजूक बाजू आहे. चुंबक त्याच्या लोखंडी बैठकीतून सुटा केला की त्याची काही शक्ती कायमची जाते आणि पुन्हा चुंबकित केल्याशिवाय ती परत येत नाही. माझ्या जोडीतल्या एका स्पीकरची कॉइल घासत होती आणि ती जिच्यात हलते त्या चुंबकाच्या फटीत गंज होता. हे पाहून अन्य एका दुरुस्तीवाल्यांनी चुंबक उघडून साफ करण्याची तयारी दाखवली होती, तर या गृहस्थांनी तसे करण्यास स्पष्ट नकार दिला. त्यांनी कोन सोडवून बाजूला ठेवला, पातळ पुठ्ठ्याच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावली आणि ती फटीत पुनःपुन्हा फिरवून गंजाचा कण न कण बाहेर काढला. हे काम वेळखाऊ आहे आणि पाहणाऱ्याला त्यात काही विशेष वाटणार नाही, पण माझ्या मते कारागिराची खरी पारख इथेच होते.

कोनाच्या मधली टोपीही ते कापत नाहीत. कडेने थेंब थेंब ॲसिटोन सोडून जुना गोंद मऊ करतात आणि टोपी अखंड उचलतात, कारण तिच्या आकाराचा आणि वजनाचा वरच्या पट्टीतील आवाजावर परिणाम होतो. कोनाची चीर त्यांनी पतंगाच्या कागदाची बारीक पट्टी आणि पाणी घालून पातळ केलेला पांढरा गोंद वापरून सांधली. गोंद जाड लागला की हलणाऱ्या भागाचे वजन वाढते, स्पीकरची संवेदनक्षमता घटते आणि त्याचा अनुनाद, म्हणजे कोन ज्या वारंवारतेवर सर्वांत सहज हलतो ती, खाली सरकतो, याची त्यांना पूर्ण जाण आहे. दुसऱ्या स्पीकरची कॉइल तुटलेली होती. ती त्यांनी मूळ जाडीच्या तारेने, मूळच्याच कागदी नळीवर, दोन थरांत गुंडाळली. थर सम संख्येत असले की तारेची दोन्ही टोके कोनाच्याच बाजूला येतात. गुंडाळून झाल्यावर रोध मोजून पहिल्या स्पीकरशी जुळवला. आठ ओहमच्या स्पीकरची कॉइल मल्टिमीटरवर साधारण सहा ओहम दाखवते आणि इथेही तसेच होते.

फोमच्या कडा असलेला एक दहा इंची वूफरही (खालच्या पट्टीसाठीचा स्पीकर) मी त्यांच्याकडे सोपवला होता. पॉलियुरेथेन फोम हवेतील ओलाव्याने विघटित होतो आणि आपल्याकडे, विशेषतः मुंबई व कोकणच्या दमट हवेत, त्याचा लवकरच चिकट भुगा होतो. जुना अवशेष त्यांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढला, कॉइल आणि मधल्या खांबामध्ये एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या खोवून कॉइल मध्यावर धरली आणि मगच नवी कड चिकटवली. काम सुबक झाले आहे. नवा फोम मात्र मला मुळापेक्षा कडक वाटला आणि तो कुठल्या दर्जाचा आहे हे विचारूनही स्पष्ट झाले नाही.

याहून गंभीर उणीव मोजमापाची आहे. पहिल्या स्पीकरचा स्पायडर (कॉइलला मध्यावर धरून ठेवणारी कोनामागची लवचिक चकती) जीर्ण झाल्यामुळे बदलावा लागला, ते योग्यच होते, परंतु बसवलेला नवा स्पायडर ताठ आहे. घरी आणल्यावर एक हजार ओहमचा रोध एकसर जोडून, वारंवारता हळूहळू बदलत मी स्पीकरच्या टोकांवरील व्होल्टेज कुठे सर्वाधिक होते ते पाहिले, कारण तिथेच अनुनाद असतो. एकाचा अनुनाद साठ हर्ट्झच्या आसपास सापडला आणि ज्याचा स्पायडर बदलला त्याचा पंच्याहत्तरच्या आसपास. एकाच जोडीसाठी हा फरक मोठा आहे आणि मंद्र सप्तकातल्या तंबोऱ्यात तो ऐकू येतो. ज्यांचे हात इतके नेमके आहेत त्यांनी हे साधे मोजमाप करून दोन्ही स्पीकरना सारखे स्पायडर लावले असते, तर या कामात मला खोट काढता आली नसती. मी हे त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि दुसराही स्पायडर बदलून देण्याची तयारी दाखवली. परंतु तो अजून शाबूत असल्याने मी तो तसाच ठेवला आहे.

स्पीकर परत देण्यापूर्वी ते दीड व्होल्टचा सेल लावून कोन कोणत्या दिशेने सरकतो ते पाहतात आणि धन टोकावर लाल ठिपका देतात. हे आवश्यकच आहे, कारण जेबीएलसारख्या कंपनीच्या कित्येक जुन्या स्पीकरची टोके प्रचलित पद्धतीच्या उलट असतात आणि जोडीतला एक जरी उलटा जोडला गेला तरी खर्ज नाहीसा होतो. क्रॉसओव्हरचे, म्हणजे वेगवेगळ्या पट्टीचा आवाज वेगवेगळ्या स्पीकरकडे वळवणाऱ्या परिपथाचे, काम ते घेत नाहीत, त्यामुळे वाळलेले कपॅसिटर दुसरीकडे बदलून घ्यावे लागतात. मजुरी एखाद्या स्वस्त नव्या स्पीकरच्या किमतीइतकी पडते. ज्याला केवळ आवाज हवा त्याने हा खर्च करू नये, पण ज्याच्याकडे अल्निकोची जुनी जोडी आहे त्याने ती नि:शंकपणे इथे द्यावी आणि दोन्हींचे स्पायडर एकसारखे लावण्याबद्दल आधीच बोलून ठेवावे.

कागद ओल धरतो आणि गोंद नीट सुकत नाही म्हणून पावसाळ्यात ते कोनाचे काम घेत नाहीत, तेव्हा दिवाळीनंतर जाणे उत्तम. घरी फेव्हिक्विकने डागडुजी करू नये, कारण ते वाळल्यावर ठिसूळ होते आणि चिरेच्या शेजारचा कागद नव्याने फाटतो. कोनाचे निखळलेले तुकडे कितीही बारीक असले तरी पाकिटात घालून सोबत न्यावेत. ते बसवता येतील तेवढे ते बसवतात.