आठ महिने कोल्ड एअर इनटेक: शिट्टी छान, ॲव्हरेजचं श्रेय दुसऱ्याचंच

माझ्या टर्बो डिझेल ट्रकला कोल्ड एअर इनटेक, म्हणजे इंजिनला बाहेरची थंड हवा मोकळेपणाने मिळावी म्हणून मिळणारं किट, बसवून आठ महिने झाले, गाडी २१ हजार किलोमीटर पळाली. पहिल्या आठवड्यात कुणी विचारलं असतं तर ‘डोळे झाकून घ्या’ म्हणालो असतो. बरं झालं, कुणी विचारलं नाही.

कंपनीचा बंद डबा आणि कागदी फिल्टर काढला. जागी गुळगुळीत पाइप आणि तेल लावलेला कापडी कोन फिल्टर आला. रेस दिली की टर्बोची, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याची, शिट्टी ऐकू यायची आणि खरं सांगायचं तर वाढलेली निम्मी ताकद मला त्या शिट्टीतच ऐकू येत होती. खालच्या आरपीएमला टर्बो किंचित लवकर उठत असावा. टाकी फुल्ल ते फुल्ल मोजलेलं ॲव्हरेज लिटरमागे ९.२ किलोमीटरवरून ९.९ वर गेलं. मी खूश.

उन्हाळ्यात ती खुशी उतरली. बॉनेटखाली उघडा फिल्टर म्हणजे इंजिनची तापलेली हवाच ओढणार. नाव कोल्ड एअर, कारभार उलटा! हवा १० अंशांनी तापली की तिची घनता साधारण ३ टक्के घटते. टर्बोतून आलेली हवा गार करणारा इंटरकूलर थोडं सावरून घेतो, सगळं नाही. शेवटी पत्र्याचा आडोसा करून कडेला फोमची पट्टी लावली आणि हेडलाइटमागून हवा घेतली. मग जरा बरं झालं.

डिझेलचा हिशेब पेट्रोलपेक्षा वेगळा आहे, हे मला उशिरा उमगलं. इथे ताकद किती डिझेल फवारलं जातं त्यावर ठरते. रमतगमत चालवताना सिलिंडरमध्ये हवा गरजेपेक्षा जास्तच असते. ईसीयू, म्हणजे किती डिझेल फवारायचं ते ठरवणारा इंजिनचा कॉम्प्युटर, जुनाच ठेवून फक्त हवेची वाट मोकळी केली, तर वाढीव हवेचं इंजिन करणार काय? भरल्या गाडीने चढ चढताना जुना फिल्टर तुंबलेला असेल, तरच फरक जाणवतो.

पाचव्या महिन्यात चढावर गाडी मेल्यासारखी झाली, चेक लाइट पेटला. चूक माझीच. फिल्टर धुऊन तेल जास्त लावलं होतं; ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसलं आणि तो हवा कमी दाखवू लागला. साफ केल्यावर सुटका झाली. त्याच वेळी फिल्टरपलीकडच्या पाइपात बोट फिरवलं, तर बोटावर बारीक पिठासारखी धूळ. तेव्हा मात्र पोटात गोळा आला. ती धूळ टर्बोची पाती आणि पिस्टनच्या रिंगा झिजवते, आणि ती झीज ॲव्हरेजच्या वहीत दिसत नाही.

मग पडताळणीसाठी कंपनीचा डबा नव्या कागदी फिल्टरसह परत बसवला. ॲव्हरेज ९.८! मिस्त्रीला विचारलं तर तो सहज म्हणाला, “अहो, किट बसवताना इंटरकूलरच्या होजचा क्लॅम्प सैल होता, तो मीच आवळला होता.” म्हणजे टर्बोने भरलेली हवा किट बसवण्याआधी तिथूनच निसटत होती, आणि मी श्रेय देत होतो पाइपाला. उरलेला ०.१ चा फरक तर टाकी भरण्यातल्या चुकीतही जाऊ शकतो.

किट आता खुंटीला टांगलंय. डब्यावर फिल्टर किती तुंबलाय ते दाखवणारा गेज लावून घेतलाय. तो लाल झाला की फिल्टर बदलतो, उगाच काढून झटकत बसत नाही. कागदी फिल्टर थोडा मळला की धूळ उलट जास्त चांगली पकडतो. शिट्टी मात्र अधूनमधून आठवते.