वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्राचे पदव्युत्तर संशोधन-प्रशिक्षण : हात तयार होतो, आराखडा मागे पडतो

मी ज्या विभागात हे प्रशिक्षण पूर्ण केले, तेथील प्रयोगशाळेची शिस्त वाखाणण्याजोगी आहे. प्रतिजैविकांची संवेदनशीलता तपासण्याची डिस्क डिफ्यूजन पद्धत, म्हणजे जिवाणू पसरलेल्या प्लेटवर औषधाच्या चकत्या (डिस्क) ठेवून त्यांभोवतीचे वाढ न झालेले वर्तुळ मोजणे, वरकरणी सोपी वाटते. परंतु जिवाणूंच्या द्रावाची गढूळता ०.५ मॅकफारलंड प्रमाणाशी जुळवणे, तो द्राव १५ मिनिटांच्या आत म्युलर-हिंटन अगारवर (जिवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमावर) सर्वत्र सारखा पसरवणे आणि अगारचा थर सुमारे ४ मिलिमीटर जाडीचा ठेवणे, ही सारी पथ्ये येथे हात बसेपर्यंत करून घेतली जातात. थर पातळ राहिला की डिस्कभोवतीचे वर्तुळ मोठे दिसते आणि प्रतिरोधक जिवाणू संवेदनशील म्हणून नोंदला जाण्याचा धोका उद्भवतो. तो अहवाल रुग्णाच्या उपचारांपर्यंत पोहोचतो, याची जाणीव आमचे मार्गदर्शक सतत करून देत. तपासणी बरोबर होते आहे ना हे पडताळण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, ई. कोलाय जिवाणूच्या एटीसीसी २५९२२ या प्रमाण वाणाचे वर्तुळ ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले, तर कारण सापडेपर्यंत त्या औषधाचा एकही निकाल बाहेर जात नसे. कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा मोठा रेणू अगारमध्ये नीट पसरत नाही, म्हणून त्यासाठी डिस्कऐवजी ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (द्रव माध्यमात औषधाच्या उतरत्या मात्रा तपासण्याची पद्धत) करावे लागते, हेही आम्हाला कारणासह शिकवले गेले.

संशोधनाच्या आराखड्याकडे मात्र अक्षम्य दुर्लक्ष झाले. नमुनासंख्या किती हवी याचे गणित आणि संख्याशास्त्राचे वर्ग नमुने गोळा करून झाल्यावर आले. एकाच रुग्णाकडून पुन्हापुन्हा मिळालेला तोच जिवाणू दर वेळी वेगळा मोजला, तर प्रतिरोधाची टक्केवारी फुगू शकते, आणि म्हणून प्रत्येक रुग्णाचा त्या प्रजातीचा पहिलाच जिवाणू धरावा, ही मूलभूत गोष्ट काही विद्यार्थ्यांना प्रबंधाच्या तपासणीत कळली. तोवर तक्ते तयार झाले होते.

वॉर्डाशी असलेला संबंधही तोकडा वाटला. रक्ताच्या कल्चरमध्ये कोॲग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकोकस हा त्वचेवर एरवीही राहणारा जिवाणू वाढला, तर तो त्वचेवरून आलेला आहे की खरोखरच्या संसर्गाचा, हे केवळ प्लेट पाहून ठरत नाही. किती बाटल्यांत वाढ झाली, रुग्णाला कॅथेटर आहे का, ताप आहे का, हे विचारावे लागते. ग्रंथालय आणि उपकरणे पुरेशी आहेत.

तंत्रावर पकड मिळवायची असेल, तर या विभागाची शिफारस मी निःसंकोच करेन. मात्र संख्याशास्त्रज्ञाचा सल्ला आराखडा मंजूर होण्यापूर्वी मिळतो का, हे प्रवेशाआधीच विचारून घ्यावे.