फोर्टातला सालबाईच्या तहाचा हेरिटेज वॉक : जरूर करावा, पण शेवटी घाई होते

१७८२ साली पहिले इंग्रज-मराठा युद्ध संपवणारा सालबाईचा तह झाल्यावर मुंबईकर इंग्रज आणि पुणे दरबार यांचा शेजार कसा चालला, एवढ्याच विषयावरचा हेरिटेज वॉक मी गेल्या रविवारी केला. लढायांच्या हकिकती आपण पुष्कळ ऐकतो. लढाई थांबल्यावरचा व्यवहार इतक्या आस्थेने उलगडून सांगणारे मला प्रथमच भेटले.

हॉर्निमन सर्कलला मार्गदर्शकांनी लॅमिनेट केलेला नकाशा पसरून माहीमच्या खाडीवर बोट ठेवले. १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेईपर्यंत खाडीपलीकडे, म्हणजे थेट वांद्र्यापासून, मराठ्यांचा अंमल होता. रोज लोकलने तीच खाडी ओलांडत असूनही हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते.

सेंट थॉमस कॅथीड्रलच्या आवारात झालेले तहाचे विवेचन सर्वांत सरस होते. साष्टी (मुंबईलगतचे, ठाणे-वांद्र्याचे बेट) इंग्रजांकडे राहिली, पण वसई परत द्यावी लागली, भडोच शिंद्यांना मिळाले आणि ज्यांच्यासाठी युद्ध पेटले त्या राघोबादादांची दरमहा पंचवीस हजारांच्या नेमणुकीवर, म्हणजे तनख्यावर, बोळवण झाली. तहाला जामीन महादजी शिंदे. मुंबई सरकारची तिजोरी बंगालच्या पैशावर चाले आणि १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टने युद्ध व तह यांवर कलकत्त्याच्या गव्हर्नर-जनरलचा अंकुश आला होता; त्यामुळे शेजारी मुंबईचा असला, तरी त्याच्याशी काय बोलायचे हे कलकत्त्यात ठरे. ही कोंडी मार्गदर्शकांनी फार नेमकी समजावली.

उणीव आहे ती उत्तरार्धात. कंपनीचे अधिकारी चार्ल्स मॅलेट यांना पुणे दरबारात इंग्रजांचे वकील, म्हणजे राजकीय प्रतिनिधी, म्हणून पाठवण्याआधी त्यांना महादजींच्या छावणीत जावे लागले, १७८६ मध्ये ते पुण्यात पोहोचले आणि १७९० साली टिपूविरुद्ध याच दोन सत्तांनी निजामासह करार केला. एवढा मोठा पालट टाउन हॉलच्या पायऱ्यांवर दहा मिनिटांत उरकला गेला. त्यातच हेडफोन खरखरत होते. नाना फडणवीसांच्या बाजूने या शेजाराचा हिशेब काय होता, हे तर राहूनच गेले. आयोजकांनी आरंभीची ओळख-पाळख आटोपती घेऊन तो वेळ इकडे द्यावा, असे मी त्यांना सांगितले आहे.

माणशी पाचशे रुपये मला जास्त वाटले नाहीत. सावली कमी आहे, तेव्हा टोपी आणि पाणी जवळ ठेवावे.