गावात सभासदांचे किराणा दुकान: ऑर्डर गट, स्वतःची संस्था की जुन्या सोसायटीचा आधार?

दहा-बारा घरांनी मिळून आपल्या मालकीचे किराणा दुकान काढायचे मनावर घेतले की पहिला प्रश्न भावाचा निघतो. पसरकारापेक्षा, म्हणजे गावच्या किराणा दुकानदारापेक्षा, किती स्वस्त पडेल? माझ्या मते हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायला हवे ते असे: महिन्याचे सामान आपल्यातली किती घरे खरोखर तिथूनच भरतील? उत्तर कागदावर मांडले, की पुढच्या तीन वाटांपैकी कोणती आपली, हे बरेचसे ठरते.

पहिली वाट ऑर्डर गटाची. दुकान नाही, फळ्या नाहीत. घराघरातून यादी आणि पैसे आधी गोळा करायचे, घाऊक माल आणायचा, एका संध्याकाळी वाटून मोकळे व्हायचे. दुसरी, गोवा सहकारी संस्था कायदा, २००१ खाली ग्राहक सहकारी संस्था नोंदवून स्वतःचे दुकान चालवण्याची. तिसरी, गावात आधीच असलेल्या विविध कार्यकारी सेवा सोसायटीत सभासद होऊन तिच्याच छपराखाली किराणा विभाग सुरू करण्याची. गोव्यात डिचोलीपासून काणकोणपर्यंत तिन्ही वाटा शक्य आहेत, पण तिन्ही सारख्या नाहीत.

पसरकार स्वस्त कसा देतो

गावातला दुकानदार बहुतेक वेळा स्वतःच्या घराच्या ओसरीवर किंवा वडिलोपार्जित जागेत बसतो. सकाळी तो, दुपारी बायको, संध्याकाळी मुलगा. कोणी पगार घेत नाही, भाडे जात नाही. उधारी कोणाची बुडेल आणि कोणाची नाही, हे त्याला घराघरागणिक ठाऊक असते. सहकारी दुकान उघडले की पहिल्याच महिन्यात पगार, भाडे, वीजबिल, लेखापरीक्षण हे सगळे खर्च उभे राहतात. त्यामुळे रोजच्या साखर-साबणाच्या भावात आपण त्याला हरवू, ही आशा धरून संस्था काढू नये. आपली ताकद दुसरीकडे आहे: एकगठ्ठा खरेदी, आगाऊ पैसे, मालाची पारख आणि हिशेब सगळ्यांसमोर उघडा असणे.

आता आकडे मांडून पाहू. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुम्ही तुमच्या गावचे घाला.

समजा ६० घरे आहेत आणि प्रत्येक घर महिन्याला ४,००० रुपयांचे सामान दुकानातून घेते. विक्री २ लाख ४० हजार. किराण्यात सरासरी १० टक्के सुटतात असे धरले तर हाती २४,००० राहतात. एका माणसाचा पगार १५,००० आणि जागेचे भाडे ८,००० दिले की वीज आणि मालाची घट भागवायला जेमतेम हजार उरतात. म्हणजे ६० घरांवर दुकान उभे राहत नाही.

१५० घरे धरा. विक्री ६ लाख, सुटलेले ६०,०००. दोन माणसांचे ३२,०००, भाडे १०,०००, वीज आणि किरकोळ ४,०००, घट एक टक्का म्हणजे ६,०००. उरले ८,०००, वर्षाला ९६,०००. ते सगळे खरेदीच्या प्रमाणात वाटले तरी वर्षाला ४८,००० रुपयांची खरेदी करणाऱ्या घराला ६४० रुपये परत मिळतात. राखीव निधी बाजूला काढल्यावर त्याहून कमी. तेव्हा परताव्याच्या आमिषावर सभासद गोळा करू नका. हा आकडा आधीच सांगा.

यापुढचा हिशेब जास्त महत्त्वाचा आहे. सभासद १५०च आहेत, पण प्रत्येकाने निम्मेच सामान इथून घेतले आणि निम्मे येता-जाता फोंड्याच्या किंवा म्हापशाच्या मोठ्या दुकानातून आणले, तर विक्री ३ लाख, सुटलेले ३०,००० आणि खर्च मात्र ४९,०००. महिन्याला १९,००० चा तोटा. सभासदसंख्या तीच, भागभांडवल तेच. दुकान सभासदांच्या पावतीपुस्तकावर नाही, त्यांच्या पिशवीवर चालते.

ऑर्डर गट: कमी ओझे, कमी पल्ला

मुंबई ग्राहक पंचायत १९७५ मध्ये सुरू झाली आणि तिने दुकान न काढता हजारो कुटुंबांपर्यंत महिन्याचे सामान पोचवले. शेजारपाजारच्या घरांचा संघ, आगाऊ मागणी, एकत्रित घाऊक खरेदी, आणि वाटपाचे काम सभासदांनीच करायचे, अशी तिची घडी. जपानमध्ये टोकियोच्या सेतागाया भागातल्या गृहिणींनी १९६५ मध्ये एकत्र दूध खरेदी सुरू केली. त्यातून १९६८ मध्ये सैकात्सु क्लब ही सहकारी संस्था झाली. आधी गट, तीन वर्षांनी संस्था, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

गोव्यात या पद्धतीला आधीपासूनच जागा आहे. पावसाळ्याआधीचे पुरुमेंत कोणत्या घराला नवीन आहे? मे महिन्यात मिरची, सोलां (आमसुले), चिंच, डाळी, उकडे तांदूळ भरून ठेवायची सवय घराघरात आहेच; प्रत्येक जण ते वेगवेगळे आणतो, एवढेच. तेच २५ घरांनी एकत्र आणले तर सुट्या मालात फरक दिसतो. दुसरा मोठा हंगाम चवथीचा, म्हणजे गणेश चतुर्थीचा. गूळ, रवा, मैदा, तेल, तूप, हरभऱ्याची डाळ, सगळे एकाच पंधरवड्यात लागते आणि मागणी आधीच सांगता येते.

कराचा एक मुद्दा इथे कामाला येतो. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधीच बांधून लेबल लावलेल्या तांदूळ, डाळ, पिठावर ५ टक्के जीएसटी लागतो. त्याहून मोठ्या पोत्यावर आणि सुट्या मालावर नाही. ५० किलोचे पोते आणून आपापसांत वाटून घेणाऱ्या गटाला हा फरक सरळ मिळतो. ब्रँडच्या साबण-टूथपेस्टमध्ये मात्र गटाला फारसे काही सुटत नाही. ती यादीत न घेतलेलीच बरी.

भांडवल जवळजवळ लागत नाही, कारण पैसे आधी येतात. माल साठत नाही, त्यामुळे जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत तांदळाला पोरकिडे आणि डाळीला भुंगे लागण्याचे दुखणेही नाही. दुकानाला हे दुखणे चांगलेच भोवते. पावसाळ्यात तीन आठवड्यांपेक्षा जास्त साठा ठेवणारे छोटे दुकान घट मोजत बसते.

उणिवा दोन. एक, गट महिन्यातून एकदा माल देतो. मंगळवारी रात्री संपलेली साखर तो देऊ शकत नाही, तिच्यासाठी पसरकार लागतोच. (त्यात वाईट काही नाही. गावचा पसरकार टिकला पाहिजे.) दुसरी उणीव गंभीर आहे. पैसे कोणाच्या तरी वैयक्तिक खात्यात जमा होतात, बिल एकाच्या नावावर फाटते, आणि गट वाढला की तीच व्यक्ती करखात्यापुढे व्यापारी ठरू शकते. उधार आणलेला माल अंगावर पडला तरी देणे तिचेच. म्हणून पहिल्या महिन्यापासून दोघींच्या सहीचे वेगळे खाते हवे, आणि घाऊक व्यापाऱ्याकडून उधारीवर माल उचलायचा नाही, हा नियम हवा. गावात स्वयंसहाय्य गट असेल तर त्याच्या चालू खात्याचा उपयोग करता येईल का, ते बँकेत आधी विचारा.

नोंदणीकृत संस्था: ओझे जास्त, पाया पक्का

१८४४ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेलला २८ जणांनी दुकान उघडले तेव्हा विकायला लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या एवढेच होते. त्यांचे तीन नियम आजही टिकून आहेत: प्रत्येक सभासदाला एकच मत, विक्री रोखीने, आणि उरलेला नफा खरेदीच्या प्रमाणात परत. मुंबईत नायगावला १९४८ मध्ये सुरू झालेला अपना बाजारही ग्राहक सहकाराचाच. आपल्याकडे फोंड्याची गोवा बागायतदार संस्था आहे; सुपारी, नारळ, काजू पिकवणाऱ्यांच्या खरेदी-विक्रीतून उभी राहिलेली, आणि आज तिचे बाजार गोवाभर ग्राहकांना ठाऊक आहेत. तिच्या बाबतीत सभासद आपला मालही तिथेच घालतो, हे विसरू नये. नुसत्या ग्राहकांच्या संस्थेला हा दुहेरी धागा मिळत नाही.

नोंदणीचा खरा लाभ असा की संस्था ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती होते. करार, बँक खाते, जागा तिच्या नावावर. सभासदाची जबाबदारी त्याच्या भागापुरती मर्यादित. त्याबदल्यात उपविधी (संस्थेचे लेखी नियम), निवडणूक, वार्षिक सर्वसाधारण सभा, लेखापरीक्षण, सहकार निबंधकांकडे विवरणे. हे सगळे करणारा माणूस तुमच्यात आहे का? दुकान चालवणारा वेगळा आणि दप्तर सांभाळणारा वेगळा, असे किमान दोघे लागतात.

भांडवलाचेही आधीच बोलून घ्यावे. महिन्याला ६ लाखांची विक्री धरली तर तीन आठवड्यांच्या मालाला चार लाखांच्या आसपास लागतात. वर फळ्या, वजनकाटा, अनामत. १५० सभासदांनी हजार-हजार दिले तर दीड लाख जमतात, पुरत नाहीत. भाग तीन हजारांचा ठेवावा लागेल, हप्त्याने घेतला तरी चालेल. कर्ज काढून पहिला माल भरू नये असे मला ठामपणे वाटते, कारण एक-दीड टक्का उरणारा धंदा व्याज सोसत नाही.

जीएसटीची नोंदणी फक्त माल विकणाऱ्याला वार्षिक ४० लाखांच्या उलाढालीनंतर लागते. वरच्या उदाहरणातली ६० घरे या मर्यादेखाली राहतात, १५० घरे ७२ लाखांवर जातात. तांदूळ-डाळींवर कर नसला तरी उलाढाल मोजताना त्या धरल्या जातात, हे बरेच जण विसरतात. दीड कोटीपर्यंतच्या व्यापाऱ्याला करपात्र विक्रीवर १ टक्का भरण्याची कंपोझिशन योजना घेता येते. छोट्या दुकानाला तीच सोयीची. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना आणि काट्यावर वैधमापन (वजन-मापे) खात्याचा शिक्का हे उघडण्याआधीच करून घ्यायचे.

बाजारभावाने विकून वर्षअखेर परतावा द्यायचा, की पहिल्या दिवसापासून स्वस्त द्यायचे? सभासद दुसरे मागतात. मी पहिल्याच्या बाजूची आहे. पहिल्या वर्षी घट किती निघेल ते कोणालाच कळत नाही. भाव आधीच खाली आणला असेल तर ती भरायला काही उरत नाही, आणि वाढवलेला भाव सभासदाला झोंबतो.

पगार वाचवायला सभासदांनीच पाळ्या कराव्यात का? ब्रुकलिनची पार्क स्लोप फूड को-ऑप १९७३ पासून सभासदांच्या श्रमावर चालते. पाळी न करणाऱ्याला तिथे खरेदी करता येत नाही. आपल्याकडे वाटपाच्या संध्याकाळी हात लावायला सगळे येतील. रोज सकाळी गल्ल्यावर बसायला मात्र पगारी माणूसच हवा, आणि तो संचालकाचा नातेवाईक नसावा.

भाजी दुकानात ठेवू नका. गोवा फलोत्पादन महामंडळाचे गाडे अनुदानाच्या भावाने भाजी देतात. बेळगावहून घाट उतरून आलेली भाजी तुमच्या दुकानात दुसऱ्या दिवशी सुकणार आणि भावातही मागे पडणार. दूध आणि पाव यांचीही घडी बसलेली आहे. त्याऐवजी जे इतरत्र खात्रीने मिळत नाही ते ठेवा: पेडण्याचे उकडे तांदूळ, काणकोणची खोला मिरची, सत्तरीचा काजू, घाण्याचे खोबरेल. शेतकऱ्याला हंगामाआधी मागणीची खात्री आणि हातात रोख देऊ शकणारा ग्राहक म्हणून तुमचे वजन इथे आहे.

जुन्या सोसायटीत शिरणे

सोसायटीकडे गोदाम असते, सचिव असतो, कित्येक ठिकाणी रेशनचे दुकानही असते. केंद्रीय सहकार मंत्रालयाने जानेवारी २०२३ मध्ये प्राथमिक कृषी पतसंस्थांसाठी (विविध कार्यकारी सोसायट्या याच प्रकारातल्या) आदर्श उपविधी काढल्या, त्यात कर्जाबरोबर इतर अनेक व्यवसाय करण्याची मोकळीक आहे. भाडे आणि अर्धा पगार वाचला तर ६० घरांचा जो हिशेब वर बसत नव्हता तो इथे बसू शकतो.

पण विभागाचा पैसा सोसायटीच्या मोठ्या खात्यात मिसळतो. कर्जवसुली थकली की दुकानाचा माल भरायला पैसे नाहीत, असे होऊ शकते. म्हणून विभाग सुरू करण्याआधी मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल वाचा; सभासद झालात की ते मागण्याचा तुमचा हक्क आहे. किराण्याचे वेगळे हिशेब आणि ग्राहकांची उपसमिती यांचा ठराव सभेत होत नसेल तर या वाटेला जाऊ नये.

निवड

सोसायटी निरोगी असेल आणि ठराव होत असेल तर तिच्यात शिरा. नसेल तर मे महिन्यात पुरुमेंताच्या यादीने गट सुरू करा, चवथीची ऑर्डर त्याच घरांकडून घ्या, आणि मधल्या महिन्यांत किती घरे टिकली ते वहीत लिहून ठेवा. शंभराच्या वर घरे वर्षभर आगाऊ पैसे भरत राहिली तरच नोंदणीचा अर्ज भरा. दुकानच हवे असा हट्ट असेल, तर जागा भाड्याने घेण्याआधी प्रत्येक घराकडून महिन्याच्या किमान खरेदीचा आकडा लेखी घ्या.

मोडण्याचाही विचार आधी झालेला बरा. गट बंद करायला शेवटच्या वाटपाचा हिशेब आणि खात्यातली शिल्लक परत करणे पुरते. नोंदणीकृत संस्था बंद करायला अवसायक (संस्था गुंडाळण्याचे काम पाहणारा) नेमावा लागतो, देणी फेडावी लागतात, आणि भागाचे पैसे सगळ्यात शेवटी येतात. भाग घेणाऱ्या प्रत्येकीला हे सही करण्याआधी सांगा.