नागपूरच्या धरमपेठेतलं काउन्सेलिंगचं वीकेंड ट्रेनिंग: पैसे वसूल, पण पहिला दिवस सोडून

वस्तीत काम करणाऱ्या सोशल वर्करसाठी आहे हे, सायकॉलॉजीची थिअरी खऱ्या केसमध्ये कशी वापरायची ते शिकवतात. संस्थेचं नाव टाकत नाही कारण खाली तक्रारीही आहेत, ज्यांना समजायचं ते समजून घेतील.

पहिला दिवस म्हणजे बापा, नुसता बोर. फ्रॉइड, एरिक्सन, मॅस्लो हे जुने सायकॉलॉजीवाले, सगळं एमएसडब्ल्यूला (सोशल वर्कच्या मास्टर्सला) झालेलं आणि सर पीपीटी वाचून दाखवून राहिले होते. मॅस्लोच्या 1943च्या पेपरात तो माणसाच्या गरजांचा फेमस पिरॅमिड नाहीच, एवढं सांगितलं असतं तरी लोक जागे झाले असते.

दुसऱ्या दिवशी ज्या मॅडम आल्या त्यांच्यासाठी मात्र फी दिली असं समजा. बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन शिकवलं. म्हणजे डिप्रेशनमधला माणूस हळूहळू सगळं बंद करते, लोकांत जाणं, काम, मग बरं वाटेल असं काही उरतच नाही आणि मूड अजून खाली जाते, म्हणून मूड सुधरायची वाट न पाहता आधी एखादी छोटी गोष्ट करायला लावायची. गोव्यात सरकारी आरोग्य केंद्रांत याच पद्धतीचा अभ्यास झाला, लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापून आला 2017ला, काउन्सेलर साधे लोक होते, मेंटल हेल्थचं कोणतंच प्रोफेशनल शिक्षण नाही, सेशन 6 ते 8, आणि तीन महिन्यांनी डिप्रेशनमधून बाहेर आले 64 टक्के, नेहमीच्या उपचारात 39. आमच्यासारख्यांना हे ऐकून किती धीर येते सांगू.

पण हँडआउट कोणी बनवलं देव जाणे, आनंद देणाऱ्या गोष्टींच्या यादीत स्विमिंग आणि कॅफेत जाणे! चार घरची भांडी घासून आलेल्या बाईला मी हे विचारू काय? मॅडमनी तिथल्या तिथे यादी बदलली, शेजारणीकडे दहा मिनिटं बसणं, बहिणीला फोन, संध्याकाळी दारात रांगोळी. तीच यादी मी आता वापरतो.

दारूच्या केसेससाठी मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग पण झालं, म्हणजे बदलायची कारणं समोरच्याच्याच तोंडून काढायची पद्धत, मिलर नावाच्या सायकॉलॉजिस्टनं 1983ला मांडलेली. आपण "सोडा ना हो भाऊ" म्हटलं की समोरचा काहून सोडू नये याचीच कारणं सांगत बसते, त्यापेक्षा "सोडली तर काय बरं होईल असं वाटते तुम्हाला?" विचारायचं आणि चूप बसायचं. रोल प्लेमध्ये आमच्या ग्रुपमधल्या कोणालाच चूप बसता आलं नाही, सगळे लेक्चरवर आले, मीही.

सगळ्यात मोठी तक्रार पीएचक्यू-9ची. हा डिप्रेशन किती आहे ते मोजायचा नऊ प्रश्नांचा फॉर्म भरायला शिकवला, टोटल करायला शिकवलं, पण नववा प्रश्न जीव द्यायच्या विचारांचा आहे, तिथे कोणी हो म्हटलं तर पुढे काय, हे जेवायच्या ब्रेकआधी घाईघाईत उरकलं. बोर्डावर टेली मानस या सरकारी मेंटल हेल्थ हेल्पलाइनचा नंबर 14416 लिहिला, झालं. घरच्यांना कोण सांगणार, त्या रात्री सोबत कोण राहणार, मेंटल हॉस्पिटलला घेऊन कोण जाणार, यावर अर्धा दिवस द्यायला पाहिजे होता, पहिल्या दिवसातून काढून.

जेवण बरं होतं, एसी चालू होता. सर्टिफिकेट भेटते, पण त्यानं कोणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही, त्याला आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं) रजिस्ट्रेशन लागते, एका पोरानं विचारलं तेव्हा मॅडमनी सगळ्यांसमोर तसं स्पष्ट सांगितलं.