लघवी जळते की तुंबते? वैद्य गाठायचा की सीपीआर?

उन्हाळी लागली की कोल्हापुरात आधी घरचा उपाय होतो, रात्री भिजवलेल्या धने-जिऱ्याचं पाणी. त्यानं भागलं नाही की प्रश्न पडतो, वैद्यांकडे जायचं की सरळ सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात? माझ्या मते निम्मं उत्तर आयुर्वेदातच आहे.

माधवनिदान या रोगनिदानाच्या जुन्या ग्रंथावरची मधुकोश टीका लघवीचे दोन आजार वेगळे करते. मूत्रकृच्छ्रात, म्हणजे लघवी जळत-दुखत होते त्यात, त्रास फार, अडथळा थोडा. मूत्राघातात, म्हणजे लघवी तुंबते त्यात, अडथळा मोठा, त्रास त्यामानानं कमी.

चरकांनी मूत्रकृच्छ्राचे 8 प्रकार सांगितले. पित्ताच्या प्रकारात लघवी पिवळी किंवा लालसर, जळजळत, पुन्हापुन्हा होते. वाताच्या प्रकारात जांघेत, ओटीपोटात कळा येतात. कारणं म्हणजे अति व्यायाम, तीक्ष्ण औषधं, मद्य, वेगानं धावणाऱ्या जनावरावरची रोजची स्वारी, अजीर्णात जेवण. लघवीचा वेग दाबल्यानंही हा त्रास होतो, असं ते वेगळं सांगतात. महाद्वार रोडवर दिवसभर दुकानात उभ्या असणाऱ्या बायकांना हे कारण समजावून सांगावं लागत नाही. नुसती जळजळ असेल तर वैद्य जरूर गाठा, पण लघवीची तपासणी करूनच. थंडी वाजून ताप, लघवीतून रक्त किंवा गरोदरपण असेल तर थेट डॉक्टर.

मूत्राघाताचे सुश्रुतांनी 12 प्रकार मोजले. त्यातल्या वाताष्ठीलेत गुद आणि बस्ती (मूत्राशय) यांच्यामध्ये दगडासारखी घट्ट गाठ होऊन वाट अडते. आजचे वैद्य ती प्रोस्टेटच्या वाढीशी ताडून पाहतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची लघवी पूर्ण तुंबून ओटीपोट ताठलं असेल, तर गोखरूचा काढा देत बसू नका. वाट बंद असताना लघवी वाढवणारं औषध दिलं तर मूत्राशय आणखी तटतटेल. त्याच रात्री सीपीआर गाठा, नळी घालावी लागेल.

मुतखड्याबाबत सुश्रुत स्पष्ट आहेत: नवा खडा औषधानं साधतो, वाढलेला छेद, म्हणजे शस्त्रक्रिया मागतो. म्हणून आधी सोनोग्राफी. खडा लहान असेल तर वैद्यांकडून वायवर्णा, पाषाणभेद या वनस्पतींचं औषध घेऊन बघता येतं.

प्रमेहाची, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या आजारांची, गोष्टच वेगळी. लघवी भरपूर आणि गढूळ होते, जळजळ असेलच असं नाही. कारणांत बसून राहणं, झोप, दही, दूध, नवं धान्य, गुळाचे पदार्थ. आपल्या ताटातलंच सगळं. इथं वैद्य निवडा किंवा डॉक्टर, पण रक्तातली साखर तपासून रिपोर्ट हातात घेऊनच जा, आणि चालू गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका.