बायपास: पंपावर की धडधडत्या हृदयावर?

अँजिओग्राफीत तिन्ही रक्तवाहिन्यांत अडथळे निघून बायपास ठरली, की घरच्यांपुढे पुढचा प्रश्न येतो: शस्त्रक्रिया ‘पंपावर’ (हृदय थांबवून, त्याचे काम यंत्राकडे सोपवून) करायची की ‘बीटिंग हार्ट’ (पंपाविना, हृदय चालू ठेवून)? दुसरे नाव ऐकायला नवे वाटते; पण सोव्हिएत शल्यविशारद व्हासिली कोलेसोव यांनी १९६४ मध्ये लेनिनग्राडला छातीतली मॅमरी रोहिणी हृदयाच्या रोहिणीला जोडली, ती हृदय न थांबवताच. या पद्धतीत चिराही लहान असतो, हा आणखी एक गैरसमज. छातीचे मधले हाड बहुतेकदा दोन्हींत तितकेच कापावे लागते.

पंपावर करताना हेपरिनने रक्त गोठणे रोखतात, नळ्यांवाटे ते यंत्रात नेऊन प्राणवायू मिसळून परत सोडतात, महाधमनीला चिमटा लावतात आणि पोटॅशियमयुक्त द्राव देऊन हृदय थांबवतात. जेमतेम दीड-दोन मिलिमीटर रुंदीच्या वाहिनीला केसाहून बारीक धाग्याने टाके घालायचे असताना समोरचे हृदय निश्चल असणे ही मोठी सोय आहे, विशेषतः मागच्या बाजूच्या वाहिन्यांसाठी. मात्र यंत्रातून फिरलेल्या रक्तामुळे शरीरात दाह वाढतो, आणि महाधमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचले असेल तर चिमट्याने त्याचा कण सुटून मेंदूकडे जाण्याची भीती असते.

धडधडत्या हृदयावर ‘ऑक्टोपस’ नावाची शोषणाने धरणारी पकड टाक्यांपुरतीच जागा स्थिर ठेवते आणि बाकीचे हृदय चालूच असते. मागच्या वाहिनीसाठी ते उचलून फिरवले की रक्तदाब घसरतो. तेव्हा भूलतज्ज्ञ टेबल डोक्याकडे उतरते करून तो सावरतात. ऐनवेळी घाईने यंत्र लावावे लागले, तर धोका बराच वाढतो.

१९ देशांतील ४,७५२ रुग्णांच्या ‘कॉरोनरी’ चाचणीत पाच वर्षांनंतर मृत्यू, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, मूत्रपिंड निकामी होणे आणि पुन्हा कराव्या लागणाऱ्या अँजिओप्लास्टी वा बायपास यांच्या एकत्रित प्रमाणात दोन्ही पद्धतींत लक्षणीय फरक आढळला नाही. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांमधील ‘रूबी’ चाचणीत मात्र पाच वर्षांत पंपाविना गटातले १५.२ टक्के, तर पंपावरच्या गटातले ११.९ टक्के रुग्ण दगावले. पहिल्या चाचणीतले शल्यविशारद पंपाविना पद्धतीत मुरलेले होते, हे दोन्ही निकाल वाचताना विसरू नये.

म्हणून महाधमनी कॅल्शियमने कडक झाली असेल आणि शल्यविशारदाचा हात धडधडत्या हृदयावर बसलेला असेल, तर माझे मत पंपाविना करण्याकडे झुकते. भारतात असे हात मिळणे तुलनेने सोपे आहे. वाहिन्या बारीक असतील, हृदयाच्या आत स्नायूत दडलेल्या असतील किंवा झडपेचेही काम असेल, तर पंपच बरा. एरवी शल्यविशारद रोज जी पद्धत वापरतात तीच त्यांना वापरू द्यावी. घरच्यांच्या आग्रहाखातर ती बदलायला लावू नये. त्यापेक्षा समोरच्या मुख्य वाहिनीला मॅमरी जोडणार ना, हे आवर्जून विचारावे; दहा वर्षांनंतरही ती बहुधा उघडी असते, पायातून काढलेल्या नीलेची तेवढी खात्री नसते.